निकॉनला मीडियम फॉरमॅटमध्ये ढकलू नका

कोल्हापूरच्या आमच्या जुन्या फोटोवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एकच दळण चालू आहे, निकॉनने मीडियम फॉरमॅटमध्ये, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांत, उतरायलाच पाहिजे, फुजी एवढं करतंय मग निकॉन गप्प का. मी नको म्हटलं तर एकाने लगेच सुनावलं, 'तिकडे स्वीडनला गोथेनबर्गात बसून उंटावरून शेळ्या हाकू नको.' डोक्यातच गेलं.

अरे, फुजीकडे फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) होती कुठे? त्यांची एक्स सिरीज एपीएस-सीची, म्हणजे त्याहून लहान सेन्सरची, त्यामुळे २०१७ ला मीडियम फॉरमॅटचा जीएफएक्स ५०एस आणताना स्वतःच्याच मालाच्या पोटावर पाय पडायची भीती नव्हती. निकॉनचे फुल फ्रेमवाले झेड ८, झेड ९ नेमके त्याच वाटेत बसलेत. शिवाय झेड माउंटचा (लेन्स अडकवायच्या तोंडाचा) आतला व्यास ५५ मिमी, आणि मीडियम फॉरमॅटच्या ४४ बाय ३३ मिमी सेन्सरचा कर्ण पण जवळपास तेवढाच, तो त्यात नीट मावायचा नाही, म्हणजे नवा माउंट, नव्या लेन्स, सगळं पहिल्यापासून. एवढं करून क्षेत्रफळ मिळणार फुल फ्रेमच्या १.७ पट, जुन्या ६×६ फिल्मच्या निम्मंही नाही. त्यापेक्षा २०२४ ला रेड ही सिनेमा कॅमेऱ्यांची कंपनी विकत घेऊन सिनेमाकडे वळले ते बरंच केलं. इथली गोथेनबर्गची हॅसलब्लाड तर मीडियम फॉरमॅटवाली, चंद्रावर कॅमेरा नेलेली कंपनी, तीसुद्धा आता ड्रोनवाल्या डीजेआयच्या हातात आहे, बघा म्हणजे!

आणि घेणार कोण? ग्रुपवरचे निम्मे लग्नं करतात, अल्बम १२ बाय ३६ चा. हळदीपासून वरातीपर्यंत दणादण क्लिक मारणारा माणूस १०२ मेगापिक्सेलच्या फाईली ठेवणार कुठे, आणि अंतरपाट बाजूला होतो त्या दोन सेकंदांत मला तरी झेड ८ चाच फोकस हवा. इथले प्रोफेशनल लोक असला कॅमेरा भाड्याने घेतात, शूट झालं की परत. आपल्याकडे मात्र गळ्यात दिसला पाहिजे.

(मी ब्लॉकेटवरून, म्हणजे इथल्या जुन्या मालाच्या साइटवरून, हॅसलब्लाडचा ५००सी/एम हा जुना फिल्म कॅमेरा घेतलाय, ते वेगळं. हौसेला मोल नसतं.)

तो कॅमेरा मात्र भारी आहे हां. वरून वाकून बघायचं, डावं-उजवं उलटं दिसतं, बटण दाबलं की धप्प आवाज होऊन समोर अंधार, तो क्रँक फिरवेपर्यंत जात नाही. रोलला फोटो बाराच. पण काढू कुणाचे? नोव्हेंबरात इथल्या यार्नतोरियेत चौकातल्या ट्रामस्टॉपवर सगळे टोपीत तोंड खुपसून उभे, विचारल्याशिवाय कॅमेरा रोखायची सोय नाही, विचारलं तर चेहरा बदलतो. तुमच्याकडे साध्या निकॉनपुढे अख्खा मांडव हसत असतो, आज्या पदर सारखा करून 'काढ रे' म्हणतात, आणि तुम्हाला पडलीय सेन्सरची.

खरं सांगायचं तर इथे माझ्याशी असल्या विषयावर भांडायला कोणी नाही. फिकाला, म्हणजे इथल्या कॉफीच्या सुट्टीत, मी माउंटचा व्यास काढला की सगळे 'स्पेन्नान्दे' (वा, इंटरेस्टिंग) म्हणून बनकडे वळतात. कॅमेऱ्यावरून मला 'गप रे' म्हणणारी माणसं जगात उरलीत ती त्या ग्रुपवर, आणि माझी इकडची रात्र व्हायच्या आत ती झोपलेली असतात. तेव्हा खुशाल निकॉनला पत्र लिहा, मी विरोधात लिहीन, फक्त विषय मधेच बंद करून गुड मॉर्निंगची फुलं टाकू नका.