एक ॲव्रो उडतं ठेवा

भारतीय हवाई दलाकडची ॲव्रो ही वाहतुकीची जुनी विमानं आता फार वर्षं राहणार नाहीत. त्यांच्या जागी येणाऱ्या ५६ सी-२९५ विमानांचा करार २०२१ मध्ये झाला, पहिलं विमान २०२३ मध्ये ताब्यात आलं, आणि त्यातली ४० वडोदऱ्याला बांधायची ठरली आहेत. हा बदल व्हायलाच हवा होता. माझी मागणी एवढीच आहे की निवृत्त होणाऱ्या ॲव्रोंपैकी एक तरी, दोन्ही इंजिनांसकट, उडतं ठेवावं. चौथऱ्यावर उभं करून, रंगवून, पुढे पाटी लावून भागणार नाही. माझ्यासारख्या इंग्लंडमधल्या लँकेशरमध्ये वाढलेल्या बाईला ॲव्रोचं एवढं काय पडलंय, ते सांगते. पोस्ट लांब आहे.

ॲव्रो ७४८ हे विमान पहिल्यांदा उडालं ते २४ जून १९६० रोजी, मँचेस्टरजवळच्या वुडफर्डहून. पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९६१ ला, कानपूरला जुळवलेलं पहिलं विमान आकाशात गेलं. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी आदल्या वर्षीच गेले होते, त्यांच्या स्मरणार्थ त्याचं नाव 'सुब्रतो' ठेवलं. जगात ही विमानं ३८० झाली, त्यातली ८९ कानपूरची. प्रत्येकाच्या पंखांवर दोन रोल्स-रॉइस डार्ट इंजिनं. माझं बालपण या डार्टच्या आवाजात गेलं.

बाबा सांगलीचे, मिरजेला डॉक्टर झाले आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडला आले. तेव्हा मोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या जागा आपल्याकडच्या डॉक्टरांच्या वाट्याला क्वचितच येत. लहान गावं, किनाऱ्याची इस्पितळं, जिथे दुसरं कुणी जायला तयार नसे, तिथे आमची माणसं जात. आम्ही ब्लॅकपूलला राहत होतो. गावाच्या दक्षिण टोकाला, समुद्रालगत, स्क्वायर्स गेटचा विमानतळ. बाबा अधूनमधून आयल ऑफ मॅन बेटावरच्या इस्पितळात बदली डॉक्टर म्हणून जायचे, आणि शाळेला सुट्टी असली की आई आणि मी सोबत. त्यामुळे इतरांच्या लेखी चैन असलेला विमानप्रवास आमच्या घरात अगदी नेहमीचा होता.

ते विमान म्हणजे ब्रिटिश आयलंड एअरवेजचं हेराल्ड. हँडली पेज कंपनीनं ही विमानं जेमतेम ५० बांधली आणि १९७० मध्ये कंपनीच बुडाली. धंदा म्हणून ते फसलंच, पण प्रवासी म्हणून मला त्याच्याइतकं सुंदर विमान पुढे कधी मिळालं नाही. पंख वरच्या अंगाला, त्यामुळे खिडकीतून खाली पाहताना आड काही येत नसे. इंजिनाखालून चाक खाली उतरताना दिसायचं, आणि बेटावरच्या रोनाल्ड्सवे विमानतळाच्या धावपट्टीला टेकताना त्यातून निघालेला धूरही. आई डोळे मिटून बसायची. मी चाकाकडे टक लावून.

आता त्या आवाजाबद्दल, कारण सगळं त्याच्यासाठीच लिहितेय. डार्टमध्ये हवा दाबून आत घेण्यासाठी एकामागे एक अशी दोन चक्रं असतात. ती मिनिटाला सुमारे १५,००० फेरे घेतात. विमान ओढणारा पुढचा पंखा एवढ्या वेगानं फिरून चालत नाही, म्हणून मध्ये दातेरी चाकं घालून त्याचा वेग दहापटीहून जास्त उतरवलेला असतो. विमान जमिनीवर उभं असताना पंख्याचा आवाज फारसा नसतो, आणि आतल्या चक्रांची ती उंच, धारदार शीळ मोकळी बाहेर पडते. ती कानात घुसते, दाढांत जाणवते. उतरल्यावर पंख्याची पाती सपाट केली की पंखाच ब्रेकचं काम करतो, तेव्हा ती शीळ एकदम चढते. घरात बसून, बाहेर न बघता, मला कळायचं की बेटावरचं विमान आलं. रोल्स-रॉइस आपल्या जेट इंजिनांना नद्यांची नावं देत असे. डार्ट ही डेव्हनमधली नदी.

याच इंजिनावर व्हायकाउंट हे प्रवासी विमान उडालं, आणि व्हायकाउंटबद्दल ब्रिटननं जेवढा अभिमान बाळगायला हवा होता तेवढा बाळगला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जॉर्ज एडवर्ड्स यांच्या हाताखाली विकर्सनं ते घडवलं. पहिलं उड्डाण १६ जुलै १९४८. २९ जुलै १९५० ला लंडनच्या नॉर्थोल्टहून पॅरिसला त्यानं तिकीट काढलेले १४ प्रवासी नेले, आणि टर्बाइन इंजिनाच्या विमानातून पैसे भरून प्रवास करणारी ती जगातली पहिली माणसं ठरली. तोवर पिस्टन इंजिनांनी अंग खिळखिळं व्हायचं, उतरल्यावर कितीतरी वेळ कान वाजत राहायचे. व्हायकाउंटमध्ये टेबलावर पेन्सिल उभी राहते, अशी जाहिरात होत असे. खिडक्या १९ इंच रुंद आणि २६ इंच उंच. आजच्या विमानात खिडकीशी मान वाकडी करून बसणाऱ्यांनी ही मापं एकदा हातांनी हवेत धरून बघावीत. इंडियन एअरलाइन्सनंही १९५७ पासून व्हायकाउंट उडवली. बाबांनी जवळून पाहिलेलं पहिलं विमान तेच होतं, सांताक्रूझला, कुणाला तरी सोडायला गेले असताना.

लिव्हरपूलच्या स्पीक विमानतळाला तीसच्या दशकातली देखणी इमारत होती, धावपट्टीच्या बाजूला रुंद सज्जे असलेली. रविवारी बाबा मोकळे असले की आम्ही तिथे जायचो. कँब्रियन कंपनीची आणि नंतर ब्रिटिश एअरवेजची व्हायकाउंट इतकी जवळ येऊन थांबत की वैमानिकाचा चेहरा दिसे. मुलांनी हात हलवला तर तो परत हात हलवायचा. सज्जातली माणसं निरोप द्यायला आलेली असत, नाहीतर नुसतीच बघायला. विमानतळावर नुसतं बघायला जाता येतं, हेच माझ्या मुलांना खरं वाटत नाही. आता त्या इमारतीत हॉटेल आहे. इमारत वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. पुढच्या फरशीवर काही जुनी विमानंही जपून ठेवली आहेत, पण ती उभीच असतात.

आपल्याकडे एसटीनं वाड्या-वस्त्यांसाठी जे केलं, ते या पंख्याच्या विमानांनी ब्रिटनच्या बेटांसाठी आणि कडेच्या गावांसाठी केलं. पहाटेची वर्तमानपत्रं त्यातून जायची, टपाल जायचं, रुग्ण यायचे. ग्वेर्न्सी बेटावरची फुलं हेराल्डमध्ये भरून बोर्नमथला उतरत. आयल ऑफ मॅनला मोटारसायकलींच्या शर्यती असल्या की विमानात चामडी जाकिटांचा वास भरलेला असे. बेटावर धुकं पसरलं तर सगळं ठप्प. मनानान हा तिथला सागरदेव बेटावर आपली शाल पांघरतो, असं तिथली माणसं सांगतात. काउंटरवरच्या बाई आम्हाला हे इतक्या सहज सांगायच्या की विमान उशिरा सुटण्याचं ते अधिकृत कारण वाटावं. आई त्यावर मान डोलवायची. तिला ते अगदी पटत असे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस स्पीकला रात्री टपालाची विमानं जमू लागली. देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून यायची, पोती बदलायची आणि पहाटेपूर्वी परत जायची. मला हे फार नवलाचं वाटे. बाबा म्हणाले, "अगं, हे आपल्या नागपूरला कधीच झालंय." खरंच झालं होतं. जानेवारी १९४९ पासून मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला भेटत, टपालाची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी पोचत. नागपूरकरांनी हे आपल्या मुलांना जरूर सांगावं.

सगळंच संपलेलं नाही. स्कॉटलंडच्या 'बारा' नावाच्या बेटावर आजही विमान समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत उतरतं आणि वेळापत्रक भरती-ओहोटी बघून ठरतं. ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे तीन किलोमीटरहूनही कमी अंतर आहे. तिथलं विमान दोनेक मिनिटांत पलीकडे पोचतं, आणि वारा साथीला असला तर मिनिटाच्या आतसुद्धा पोचलं आहे. ही विमानं चालतात, कारण तिथे ती गरज आहे असं सरकारनं मानलं आणि त्यासाठी पैसे मोजले.

जिथे ते मानलं गेलं नाही, तिथलं चित्र वेगळं आहे. प्लिमथचा विमानतळ २०११ मध्ये बंद झाला. आमच्या ब्लॅकपूलची बहुतेक नेहमीची प्रवासी विमानं २०१४ मध्ये थांबली. फ्लायबी ही कंपनी मार्च २०२० मध्ये कोसळली, तेव्हा साउदॅम्प्टन आणि एक्सेटरसारख्या गावांच्या कितीतरी सेवा एका रात्रीत गेल्या. वुडफर्डची धावपट्टी २०११ मध्ये बंद झाली आणि तिथे घरं उभी राहिली. डार्ट इंजिनं इंधन भरपूर पीत आणि कानठळ्या बसवत, हे मला मान्य आहे. ती आजच्या प्रवाशांसाठी परत आणा असं कुणीच म्हणणार नाही. त्यांची जागा आजच्या एटीआरनं घेतली, तेही पंख्याचंच विमान. २०१७ मध्ये नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली ती एटीआरवरच. लहान गावाला लहान विमान लागतं, हे ब्रिटनला माहीत होतं आणि त्यानं ते हातचं घालवलं. आपण ते आता शिकतोय, तर धरून ठेवायला हवं.

व्हायकाउंटनं ब्रिटनमध्ये शेवटचे प्रवासी १९९६ मध्ये नेले. शेवटचं हेराल्ड १९९९ मध्ये थांबलं. डक्सफर्डच्या, ब्रुकलंड्सच्या संग्रहालयांत व्हायकाउंट आहेत. स्वयंसेवक पावसापाण्यात त्यांची निगा राखतात, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. मी प्रत्येकाभोवती फिरले आहे, पंख्याच्या पात्याला हात लावला आहे. पण मुलांना तिथे नेलं तेव्हा त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे जे सगळ्यात मोठं होतं, ती शीळ, ते तिथे नव्हतंच. रेकॉर्डिंग ऐकवलं. ते ऐकून दाढा शिवशिवत नाहीत.

मग काही वर्षांपूर्वी पुण्यात मावशीच्या गच्चीवर उभी असताना, लोहगावच्या दिशेनं एक विमान कमी उंचीवरून गेलं. मी वर बघायच्या आधीच ओळखलं. स्क्वायर्स गेटवर आता ऐकू न येणारा आवाज भारतात हवाई दलाच्या रोजच्या कामात चालू होता. मावशीला वाटलं मला घेरी आली.

म्हणून ही मागणी. आणि हे जमण्यासारखं आहे, कारण हवाई दलानं ते एकदा केलं आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला जुन्या डाकोटा विमानांतून लोकांना फिरवून आणत. २००८ मध्ये युरोपचे नवे नियम आले, सुटकेच्या घसरगुंड्या हव्यात, कॉकपिटला भक्कम दार हवं, आणि ते बंद झालं. त्याच कॉव्हेंट्रीत तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी एक जुनं डाकोटा दुरुस्त करून घेतलं आणि हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटा चालवत असत. ते विमान एप्रिल २०१८ मध्ये स्वतःच्या पंखांवर इंग्लंडहून भारतात आलं. नाव 'परशुराम', क्रमांक व्हीपी ९०५, २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाचा. ते तर परदेशातून विकत घ्यावं लागलं. ॲव्रो आपल्या हातात आहे, आपल्या कानपूरचं आहे, ते चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात अजून कामावर आहेत. हे हात निवृत्त झाल्यावर, सुटे भाग भंगारात गेल्यावर हा विचार करण्यात अर्थ नाही. जादा इंजिनं वेगळी काढून आत्ताच नीट बांधून ठेवावीत, जुन्या तंत्रज्ञांनी तरुण पोरांना ते काम हातात हात धरून शिकवावं, आणि वर्षातून काही वेळा तरी ते विमान लोकांसमोर उडावं.

माझ्या यादीत हवाई दलातून निवृत्त झालेले, एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) नोकरी केलेले, इंडियन एअरलाइन्सच्या ॲव्रोतून प्रवास केलेले बरेच जण आहेत. कानपूरच्या कारखान्याचे फोटो, डार्ट इंजिनावर काम केल्याच्या आठवणी, आवाजाची एखादी चांगली ध्वनिफीत, जे असेल ते खाली लिहा, पाठवा. हे सगळं जोडून मला हवाई दलाला पत्र लिहायचं आहे. मसुदा तयार आहे, मराठीत आणि इंग्रजीत. सही करायची असेल तर तेही कळवा.