सिंहगड हे नाव आधीपासूनच होतं

लेक इंग्लंडमधल्या शाळेतून आली आणि दप्तर टाकत म्हणाली, "आई, असं घडणं शक्यच नव्हतं!" वर्गात जॉन बॉयन यांची 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' ही २००६ची कादंबरी वाचून झाली होती. नाझी अधिकाऱ्याचा नऊ वर्षांचा ब्रूनो छळछावणीच्या कुंपणाशी बसून आतल्या ज्यू मुलाशी मैत्री करतो. वर्ग रडला. मग बाईंनी कागद वाटले: आउशवित्झच्या छळछावणीच्या कुंपणात वीज सोडलेली असे आणि त्या वयाच्या बहुतेक ज्यू मुलांना तिथे पोचताच गॅस चेंबरमध्ये मारलं जाई.

आम्हीही रडलो होतो, तानाजीसाठी. 'गड आला पण सिंह गेला' म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, हे आम्ही इतिहास म्हणून घोकलं. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं तर नावच ते. लढाई १६७०ची, पण सिंहगड हे नाव त्याआधीच्या शिवकालीन पत्रातही आहे, हे मला चाळिशीत कळलं. (घोरपडीबद्दल विचारूच नका.) 'ध'चा 'मा' करणं हा वाक्प्रचार तर रोजचा, पण आनंदीबाईंनी तो केला याला पुरावा काय, असं विचारायचं कधी सुचलंच नाही.

तिकडे महाराष्ट्रात वाद पेटतो तो वेगळाच. ऐतिहासिक कादंबरीवर चित्रपट आला की 'आमच्या महापुरुषाची बदनामी' विरुद्ध 'लेखकाचं स्वातंत्र्य'. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्ही पक्षांचे काका-मामा आहेत, त्यामुळे मी गप्प. वर्गात बसलेल्या पोराचं काय, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

इथे इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही. लेकीच्या मैत्रिणीच्या शाळेत तेच पुस्तक झालं, कागद मात्र कुणी वाटले नाहीत. तिथे ब्रूनोची मैत्री अजून खरीच आहे. आउशवित्झच्या स्मारकाने २०२०मध्ये म्हटलं होतं की हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावं. त्यांची चिंता कळते, सल्ला पटत नाही. पुस्तक टाळलं असतं तर लेक चिडली कशावर असती?

आपल्याकडे मराठीच्या तासाला रडायचं, इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ करायच्या. ते दोन शिक्षक एकदा तरी एकाच तासाला, पोवाडा आणि पत्र दोन्ही घेऊन, वर्गात आले पाहिजेत. परवा लेकीला तानाजी सांगितला. घोरपडीपाशी तिने थांबवलं, "हे कुठे लिहिलंय?"

शोधतेय.