धुळ्याच्या भाऊसाहेबांना उत्तर : ‘भंगारवाल्याचं गणित’

भाऊसाहेब, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो. घरातून म्हणाले, रागात लिहू नका. दोन दिवस थांबलो. राग गेला असं नाही, पण हात थरथरायचा थांबलाय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी जुना स्टिरिओ घेताना किती पैसे मोजावेत याचा हिशोब मांडला होता. तसाच सेट नीट दुरुस्त होऊन, चालू स्थितीत, प्रत्यक्षात कितीला विकला जातो ते बघायचं. त्यातून दुरुस्तीच्या अंदाजी खर्चाची दुप्पट वजा करायची. उरेल तो आपला आकडा, त्याच्या वर जायचं नाही. त्यावर भाऊसाहेबांनी लिहिलं :

‘हे रसिकाचं नाही, भंगारवाल्याचं गणित आहे. ज्या म्हाताऱ्या माणसाला आपल्या सेटची किंमत ठाऊक नाही त्याला लुटायचा हा रस्ता आहे. परदेशात हे सेट कितीला जातात ते तुम्ही बघायलाच तयार नाही. सोनोडाइन, कॉस्मिकसारख्या देशी सेटना एका ओळीत गुंडाळलंत. आणि गॅरार्ड ४०१ बेल्टवर चालतो असं लिहिणाऱ्याने किमती सांगू नयेत. मी स्वतः अमेरिकेतून आलेला मॅरँट्झ २२७० रिसीव्हर सत्तर हजाराला घेतोय आणि मनापासून घेतोय.’

आधी चूक कबूल करतो. गॅरार्ड ४०१ हा रेकॉर्ड वाजवायचा टर्नटेबल बेल्टवर चालत नाही. मोटरच्या पुलीला टेकून एक रबरी चाक फिरतं आणि ते चाक प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या थाळीला, आतून फिरवतं. आधीच्या ३०१ मॉडेलचं तसंच, १९६५ साली आलेल्या ४०१ चंही तसंच. खालच्या परिच्छेदात बेल्टवाल्या दुसऱ्या यंत्राबद्दल लिहीत होतो, एक ओळ वर गेली. दुरुस्त केली आहे, तुमचे आभार. पण ते रबरी चाक मी या हातांनी साफ केलेलं आहे. यंत्र वर्षानुवर्षं चाक दाबलेल्या अवस्थेत पडून राहिलं की रबराला एका जागी खळगा पडतो आणि चाकाच्या दर फेरीला स्पीकरमधून धपधप ऐकू येते. असं यंत्र समोर आलं तर मी नव्या चाकाचे पैसे भावातून वजा करतो. एका ओळीच्या चुकीवरून माणसाने किमतीच सांगू नयेत, ही कुठली भाषा झाली? तुमच्या कामात कधी ओळ इकडची तिकडे झाली नसेल का?

आता ‘भंगारवाला’.

हा शब्द तुम्ही शिवी म्हणून वापरलाय आणि मला तो दोन्हीकडून लागला. एक तर माझ्याकडच्या निम्म्या सेटची बटणं, नॉब, पाठीमागची जाळी भंगारवाल्यांनीच जपून ठेवलेली आहे. भुसावळचे एक चाचा जुना डेक आला की तोडण्याआधी मला फोन करतात. त्यांनी फोन केला नसता तर दोन चांगली यंत्रं मातीत गेली असती. त्यांच्या धंद्याचं नाव तुम्ही दुसऱ्याला हिणवायला वापरता, हे मला आवडलं नाही आणि मी ते स्पष्ट सांगतो.

दुसरं, ते गणित भंगारवाल्याचं नाहीच. भंगारवाला काट्यावर ठेवतो. ट्रान्स्फॉर्मरमध्ये तांबं किती, मागच्या हीटसिंकचं अॅल्युमिनियम किती, पत्रा किती. सेट वाजतो का, हे तो विचारत नाही, त्याला गरजही नाही. त्याचा हिशोब तांब्याच्या भावापासून वर चढतो. माझा हिशोब चालू, गाणाऱ्या सेटच्या भावापासून सुरू होतो आणि खाली उतरतो. मी पहिला आकडा धरतो तोच तो सेट पुन्हा गाईल हे गृहीत धरून. एवढा फरक तुमच्या लक्षात आला नाही की घ्यायचाच नव्हता, मला कळत नाही.

आपल्याकडच्या बैलबाजारात तुम्ही कधी गेला असाल. घेणारा आधी बैलाचं तोंड उघडून दात बघतो, मग चालवून बघतो, खांद्यावर जुनी सूज आहे का ते हाताने चाचपतो, आणि शेवटी दलाल उपरण्याखाली बोटं धरून भाव करतो. बैल देखणा आहे म्हणून दात न बघता कोणी पैसे मोजत नाही. दात बघणाऱ्याला कसाई कोणी म्हणत नाही. जळगावच्या सराफ्यात आजीची पोत मोडायला नेली तर सोनार कसोटीवर घासून, घट धरूनच पैसे देतो. आपण मान हलवतो आणि घेतो. स्टिरिओचं झाकण काढून आत बघणारा मात्र तुमच्या लेखी अरसिक!

हे गणित मी कुठून शिकलो ते सांगतो, म्हणजे पुन्हा असं लिहिताना तुम्ही विचार कराल.

माझ्या वडिलांचा यावल तालुक्यात लाऊडस्पीकरचा धंदा होता. दोन कर्णे, एक माइक, बॅटरी, रेकॉर्डची पत्र्याची पेटी आणि एक अॅम्प्लिफायर. १९८७ च्या लग्नसराईआधी तो अॅम्प्लिफायर जळाला आणि वडिलांनी एका दुकानातून दुसरा, वापरलेला घेतला. २,२०० रुपये. दुकानदाराने पाच मिनिटं वाजवून दाखवला, आवाज खणखणीत होता. वडील भोळे होते, मागितले तेवढे देऊन आले. वैशाखातल्या पहिल्याच लग्नात, मंगलाष्टकांच्या आधी, मांडवात त्यातून धूर निघाला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि कर्ण्याच्या बांबूजवळ उभा होतो. वधूपक्षाच्या लोकांनी वडिलांना काय काय सुनावलं ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. बयाणा परत द्यावा लागला आणि त्या हंगामातली पुढची तीन लग्नं दुसऱ्याकडे गेली.

रात्री कंदिलाच्या उजेडात वडिलांनी झाकण उघडलं. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार वळून बसवली होती. म्हणजे तो सेट जास्त करंट ओढतोय, फ्यूज वारंवार उडतोय, हे आधीच्या कोणाला तरी माहीत होतं आणि त्याने त्यावर हा उपाय केला होता. विकत घेताना चार स्क्रू काढले असते तर ती तार पहिल्या नजरेत दिसली असती. वडील काही बोलले नाहीत. ती तार त्यांनी कागदात गुंडाळून पेटीत ठेवली आणि ती आता माझ्याकडे आहे. मी आजपर्यंत झाकण न उघडता एकही सेट घेतलेला नाही. याला तुम्ही भंगारवाल्याचं गणित म्हणता, भाऊसाहेब.

खर्चाची ‘दुप्पट का’ असंही कोणी विचारेल, म्हणून तेही सांगून टाकतो. चाळीस-पन्नास वर्षांच्या सेटचा एक दोष काढला की दुसरा वर येतो. मागे एक जपानी रिसीव्हर (रेडिओ आणि अॅम्प्लिफायर एकाच खोक्यात) घेतला, खर्चाचा अंदाज ४,००० होता. कंडेन्सर बदलले. आवाज सुधारला तेव्हा डाव्या बाजूची खरखर ऐकू यायला लागली, ती सिलेक्टर स्विचची निघाली. स्विच साफ केला, तर तासभर तापल्यावर एक चॅनेल जायला लागला. आऊटपुटचा एक ट्रान्झिस्टर गळत होता, आणि ते जोडीने बदलावे लागतात. पहिली जोडी बनावट निघाली, दुसरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवली. झाले ७,६०० रुपये. हा एकच सेट नाही, माझ्या वहीत अशी पानंच्या पानं आहेत. दुप्पट धरणं ही कंजुषी नाही, तो त्या सेटचा खरा खर्च आहे.

त्यात आपला खान्देश. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, मग पत्र्याच्या घरात, माळ्यावर, गोणपाटाखाली वीस उन्हाळे काढलेल्या सेटच्या पोटात काय झालं असेल? बाहेरून लाकडी खोकं छान दिसतं, कारण ओल नाही, गंज नाही. त्या दिसण्यावर मुंबई-पुण्याचे लोक भुलतात. कोकणातल्या सेटचे स्पीकर बघावेत, दमट हवेत कोनभोवतीचा फोम चिखलासारखा होऊन गळतो. आपल्याकडच्या सेटचे कंडेन्सर बघावेत. आणि रात्री शेतीच्या लाइनवर व्होल्टेज कुठल्या कुठे चढतं ते धुळ्यात तुम्हाला कमी जाणवत असेल, खेड्यात विचारा. म्हणून मी मीटर घेऊन जातो. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी, म्हणजे स्पीकरकडे जायला नको ती एकदिश वीज, मोजतो. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढचं बोलणं. त्याहून बराच जास्त असेल तर त्या सेटला आपला स्पीकर जोडायचाच नाही. वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, कोन बोटांनी हळूच, सरळ आत दाबतो. कॉइल घासल्याचा आवाज आला की स्पीकरची किंमत मी शून्य धरतो. टर्नटेबल असेल तर सुई मी जुनीच धरून चालतो. हिऱ्याची सुई ५०० ते १,००० तास जाते, आणि तिने किती तास काढलेत हे विकणाऱ्याला आठवत नसतं. नव्या सुईचे पैसे वजा.

परदेशी भावाबद्दल : मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यात फरक असतो, आणि पंधरा-वीस किलोचं यंत्र समुद्रापलीकडून यायला भाडं आणि सीमाशुल्क पडतं. तो भाव तिथला. विषय संपला.

सोनोडाइन आणि कॉस्मिकवर स्वतंत्र लिहीन. कोलकात्याच्या सोनोडाइनचा एक अॅम्प्लिफायर माझ्या घरात रोज वाजतो, देशी सेटबद्दलचं प्रेम मला कोणी शिकवू नये.

राहिला ‘म्हाताऱ्याला लुटायचा रस्ता’. असा आरोप करण्याआधी माणूस कसा आहे ते विचारायला हवं होतं. गेल्या दिवाळीआधी भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे कॅसेट डेक बघायला गेलो. त्यांच्या मोठ्या भावाने आखातातून आणलेला, त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला. आतले बेल्ट वितळून डांबरासारखे पुलीला चिकटले होते. मी त्यांच्यासमोर झाकण उघडलं, हात काळे केले, काय काय बदलावं लागेल ते कागदावर लिहून दिलं आणि ३,५०० सांगितले. काकूंनी शेव-भाजी आणि कळण्याची भाकरी वाढली. काकांनी पैसे न मोजता खिशात ठेवले. दुरुस्त झालेला तो डेक कितीला जातो हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. घेणाऱ्याने स्वतःहून तो आकडा सांगत बसावं, असा व्यवहार मी तरी कुठल्या बाजारात पाहिलेला नाही. काका अजून भेटले की चहा पाजतात. लुटलेला माणूस चहा पाजत नाही. यावर मला जास्त बोलायचं नाही.

तुमच्या मॅरँट्झबद्दल मात्र बोलायचं आहे, कारण तुमच्याशी माझं कितीही बिनसलं तरी त्या यंत्राशी बिनसलेलं नाही. सत्तर हजार जास्त की कमी, ते आत बघितल्याशिवाय मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू शकत नाही. पण सेट अमेरिकेतून आलाय म्हणता. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३०, ५० हर्ट्झ. त्याच्यासोबत तिकडचा टर्नटेबलही येणार असेल तर मोटर कुठली ते विचारा. क्वार्ट्झ लॉकवाली डायरेक्ट ड्राइव्ह (प्लॅटर थेट फिरवणारी, वेग स्फटिकाच्या ठोक्यावर धरणारी) असेल तर फ्रिक्वेन्सीची चिंता नाही. साधी सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या हर्ट्झच्या चालीने फिरणारी, असेल तर व्होल्टेज उतरवूनही ती पाच-षष्ठांश वेगाने फिरेल, मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या जागी २८ च्या आसपास. काळी एकमध्ये गायलेलं गाणं खालच्या काळी पाचमध्ये ऐकू येईल. पुली बदलावी लागेल, ती मिळते का ते आधी बघा आणि तिचे पैसे भावातून कमी करा. हो, वजाच करा.

रिसीव्हर घरी आला की लगेच लावू नका. मागच्या बाजूला पॉवर कॉर्डजवळची पाटी वाचा. फक्त १२० लिहिलेलं असेल तर चांगला, दणकट स्टेप-डाऊन ट्रान्स्फॉर्मर आल्याशिवाय पिन सॉकेटमध्ये घालायची नाही, विकणारा ‘चालतो हो, लावा’ म्हणाला तरी नाही. पाटीचा आणि फ्यूजच्या जागेचा जवळून फोटो काढून मला पाठवा. रात्री कितीही वाजता पाठवला तरी बघून सांगतो.