एक कान उघडा होता

दादा, नमस्कार.

व्हिएन्नातल्या त्या रात्रीवर मी लिहिलं, त्यावरची तुमची लांब प्रतिक्रिया काल वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. तुम्ही मनापासून लिहिलंय, म्हणून नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं व्हावंसं वाटेना.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. कानात गाण्याचं यंत्र खुपसून परक्या शहरात हिंडणं म्हणजे त्या शहराकडे पाठ फिरवणं. ज्या गावात बीथोवन आणि शुबर्ट राहिले, तिथे आपले शास्त्रीय गायक अमीर खाँ साहेब यांचा दरबारी राग ऐकत फिरणं म्हणजे परदेशी सहलीत वरण-भात शोधणं. आणि रात्री एकटीला फिरता आलं याचं मी केलेलं कौतुक अनाठायी, कारण आपल्या इंदूरच्या सराफ्यात रात्री एक वाजताही बायका-मुली बिनघोर असतात.

या तिसऱ्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पण क्रमाने जाते.

कानाचं आधी. माझा एकच कान बंद होता, डावा. उजवा उघडा होता. मूळ लेखात हे लिहायचं राहिलं, ती चूक माझी. त्या उघड्या कानाने काय ऐकलं ते सांगते. व्हिएन्नात चौकातल्या सिग्नलच्या खांबांमधून दृष्टिहीनांसाठी टकटक चालू असते. लाल दिवा असताना सावकाश, हिरवा झाला की भरभर. दिवसा ती कानावर येतच नाही. रात्री साडेअकराला बरीच आधीपासून ऐकू येते. रस्त्यावर एक गाडी नव्हती, तरी लाल दिव्यापाशी तीन-चार माणसं गप्प उभी होती. मीही उभी राहिले. डाव्या कानात झुमरा तालाचा ठेका, उजव्या कानात ती टकटक. दोन लयी शेजारी शेजारी चालल्या होत्या, एकमेकींना धक्का न लावता. मग टकटक वाढली आणि समोर हिरव्या दिव्यात हातात हात घातलेली जोडी उजळली. तिथल्या काही सिग्नलांवर २०१५ पासून एका माणसाच्या जागी अशा जोड्या आणि बदाम आहेत. ही टकटक मला त्या शहराचा सगळ्यात जवळचा आवाज वाटतो. दोन्ही कान बंद असते तर ती हुकली असती, इतकं तुमचं मला शंभर टक्के मान्य आहे.

तुम्ही बीथोवनचं नाव काढलंत म्हणून आठवलं. ऑक्टोबर १८०२ मध्ये व्हिएन्नाबाहेरच्या हाइलिगेनश्टाट गावातून त्याने भावांसाठी एक पत्र लिहून ठेवलं होतं. शेजारी उभ्या माणसाला दूरची बासरी ऐकू येते आणि आपल्याला काहीच नाही, धनगर गातो आणि आपल्याला काहीच नाही, हे त्यात लिहिताना तो अगदी खचलेला आहे. ते वाचलं की आपण होऊन कान बुजवून घ्यायचं धाडस होत नाही. आणि तुमच्यासारखी टोचणी हे यंत्र बनवणाऱ्यांनाही होती. १९७९ मध्ये पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला दोन हेडफोन लावायची सोय होती, शिवाय एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि सोबतच्या माणसाशी बोलता यायचं. एकट्याने ऐकणं तेव्हा लोकांना उद्धटपणाचं वाटेल अशी धास्ती होती.

आता दरबारीचं. तिथलं संगीत मी ऐकलं नाही असं नाही. मुलगी तिथे शिकते. पहिल्याच संध्याकाळी तिने म्युझिकफेराइन या संगीतगृहाची उभं राहून ऐकायची तिकिटं काढली होती. १८७० ची ती इमारत, सोन्याने मढवलेलं ते दालन, मागे कठड्याला टेकून दाटीने उभे राहिलेलो आम्ही. दोन तास पाय दुखल्याचं भान नव्हतं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर एक सिम्फनी लावून चालून पाहिलं. नाही जमलं. ते संगीत आत्ता कुजबुजतं, आत्ता गर्जतं, त्याच्यामागे माझी फरपट व्हायला लागली. त्यात त्याचा काय दोष, ते एका जागी थांबून ऐकायचं संगीत आहे, असं माझं मत झालं.

खाँ साहेबांचं गाणं वरण-भात म्हणून मी नेलं नव्हतं. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी सारंगी वाजवायचे, खाँ साहेब इथेच वाढले, आणि माझे बाबा बंबई बाजाराकडून सायकलवर जाताना त्यांच्या घराच्या दिशेने हात जोडायचे, हे सगळं खरं. पण त्या रात्री मी ते लावलं लयीसाठी. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा. चौदा मात्रा, आणि एका आवर्तनाला पाऊण मिनिटाहून जास्त वेळ. मी पावलं मोजली. ऑपेराच्या कोपऱ्यावरून निघाले तेव्हा एका समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, दुसऱ्या समेपर्यंत माझी नव्वदेक पावलं व्हायची. बुर्गगार्टन बागेच्या बंद फाटकापर्यंत ती सत्तरवर आली. खाँ साहेब खर्जातून कोमल गंधाराच्या सुरापाशी येऊन तो हलकेच झुलवत होते. वळणावर ट्राम रुळांवर कण्हली. मी आणखी हळू झाले.

हे हळू होणंच मला त्या लेखात सांगायचं होतं आणि ते नीट सांगता आलं नाही.

दादा, बाई रात्री एकटी असली की द्रुत चालते. वहिनींना विचारा. मी छप्पन्न वर्षांची आहे, जन्म रामबागेतला. सराफ्याचा अभिमान मला तुमच्याइतकाच आहे. सोन्याची दुकानं मिटली की त्याच ओट्यांवर कढया चढतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, आणि मध्यरात्रीही अख्खी कुटुंबं पानं हातात घेऊन उभी. व्हिएन्नातही ऑपेराच्या मागे सॉसेजची टपरी आहे, तिथे नाटकी कोट घातलेले म्हातारे उभ्याउभ्या मोहरी लावून पाव खाताना पाहून मला सराफाच आठवला. पण सराफ्यात मी कशी जाते? यांच्या स्कूटरवर, नाहीतर नणंदा-जावांच्या घोळक्यात. खाऊन परत स्कूटरवर. राजवाड्यापासून रामबागेपर्यंत रात्री अकरानंतर एकटी, कामाशिवाय, रमतगमत मी आयुष्यात चाललेली नाही. कधी काही वाईट घडलं म्हणून नव्हे. ‘सोबत कुणाला तरी घे’ हे वाक्य इतक्या लहानपणी ऐकलं, की पुढे कुणी म्हणायची गरजच उरली नाही. एकटी निघावंच लागलं तर हातात किल्ली धरून, मान खाली, झपाझप.

तिथे चालणं सोपं होतं, त्यालाही कारण आहे. १८५७ मध्ये बादशहाने शहराची जुनी तटबंदी पाडायचा हुकूम काढला, आणि तटासमोरच्या मोकळ्या पट्ट्यासकट त्या जागेवर मी चालले तो रिंग रस्ता झाला. १८६५ मध्ये तो खुला झाला. म्हणून तो इतका रुंद आहे. झाडांच्या रांगा, पायी चालणाऱ्यांची वेगळी वाट, बाकडी, दिवे, रात्रीही ट्राम. शुक्रवार-शनिवारी भुयारी रेल्वे रात्रभर चालू, त्यामुळे परतायचं कसं ही काळजी नाही. जेल रोडवर पाय ठेवायला फुटपाथ शोधावा लागतो, तिथे बाईने विलंबित चालायचं कुठून?

तिथे सगळं निर्धास्त होतं असं मी म्हणणार नाही. कार्ल्सप्लाट्झकडे परतताना मागून पावलं आली आणि माझा हात आपोआप कानाकडे गेला. तो तरुण पुढे होऊन त्याच्या सायकलचं कुलूप काढायला लागला. पण तेवढ्यात माझी छाती धडधडली होती आणि गाण्यातली एक अख्खी सम निसटली होती. उजवा कान उघडा का होता, ते तुमच्या लक्षात आलं असेल. शहर ऐकायला म्हणून तो उघडा ठेवला असं म्हणाले तर खोटं होईल. तो छप्पन्न वर्षांच्या सवयीने उघडा राहिला, आणि त्यातून शहर ऐकू आलं.

लेखानंतरची एक गोष्ट सांगते. परत आल्यावर मागच्या शनिवारी इथे करून पाहिलं. हे सराफ्यात थांबले, मी राजवाड्यासमोरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे, म्हणजे होळकरांच्या स्मारकांकडे, निघाले. तोच दरबारी, तोच कान. पहिलं आवर्तन एकशे दहा पावलांचं झालं. दुसरं शंभरचं. खाली नदीचा वास यायला लागला होता, छत्र्यांवर दिवे होते, आणि इतक्या वर्षांत त्यांची नक्षी मी स्कूटरवरून कधी धड पाहिलेली नाही हे कळलं. तिसऱ्या समेच्या जरा आधी एक मोटारसायकल शेजारी येऊन हळू झाली. मी कानातलं काढून पर्समध्ये टाकलं आणि झपाझप मागे फिरले.

येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे, साडेदहाला, राजवाड्यापासून. वहिनींना यायचंय का, ते जरूर विचारा.