कमॅरो गेली म्हणून पेढे वाटणाऱ्या मस्टँगवाल्यांनो, जरा दमानं

भाच्याने परवा फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला, खाली टाळ्यांचे इमोजी आणि "मामा, आपण जिंकलो!!" आपण म्हणजे कोण, तर फोर्डच्या मस्टँग या स्पोर्ट्स गाडीवर जीव टाकणारे मस्टँगवाले. मी इथे मिशिगनमध्ये २०१२ ची मस्टँग जीटी चालवतो आणि तो तिकडे पुण्यात भिंतीवरच्या पोस्टरमधली चालवतो, एवढाच काय तो फरक. तोच मेसेज इथल्या मंडळाच्या ग्रुपवर पण येऊन पडला, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू, प्रत्येकाला वेगळं समजावत बसायला वेळ नाही.

तर मेसेजचं म्हणणं असं: शेवरोलेने मस्टँगची जुनी प्रतिस्पर्धी कमॅरो बंद केली कारण ती कधी कुणी घेतच नव्हतं, ती मुळात मस्टँगची कॉपी, सरकारच्या इलेक्ट्रिकवाल्या नियमांनी तिला मारलं, आता तिचं सगळं गिऱ्हाईक मस्टँगकडे येणार, आणि ती आता कायमची गेली. पाच मुद्दे, त्यातले साडेतीन तरी चूक.

"कधी कुणी घेतच नव्हतं" हे लिहिणाऱ्याचा जन्म बहुतेक २०१५ नंतरचा असावा. २०१० ते २०१४, सलग पाच वर्षं, अमेरिकेत कमॅरो मस्टँगपेक्षा जास्त खपली, आम्ही मस्टँगवाले तेव्हा तोंड लपवून फिरायचो. पुढे चित्र उलटलं हे खरं आहे. २०२२ मध्ये कमॅरो २५ हजारांच्या आत आणि मस्टँग ४७ हजारांच्या वर. आणि आता नाइलाजाने कबूल करतो, यात शेवरोलेचीच चूक जास्त होती. शेवटच्या पिढीच्या कमॅरोत एकदा बसून बघा, काचा एवढ्या बारीक की खंदकातून बाहेर बघितल्यासारखं वाटतं, डिकीचं तोंड एवढंसं की मोठी सूटकेस आडवी-उभी-तिरकी कशीही घालायला जा, जात नाही. त्यात २०१९ ला एसएस या तिच्या दमदार मॉडेलचं नाक असं काही बिघडवलं की पुढच्याच वर्षी गुपचूप परत बदलावं लागलं. गाडी चालवायला मात्र एक नंबर होती, वळणावर तर आमच्या मस्टँगपेक्षा सरस, हे मी माझ्या मस्टँगच्या किल्लीची शपथ घेऊन सांगतो.

पण "खपत नव्हती म्हणून गेली, जास्त खपणारी टिकली" हे गणित तरी कुठे सुटतंय? याच जातीची तिसरी गाडी, डॉज चॅलेंजर, २०२१ आणि २०२२ दोन्ही वर्षी मस्टँगपेक्षा जास्त खपली. ती पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये बंद झाली.

कॉपीचा मुद्दा. बरं, मस्टँग आली एप्रिल १९६४ ला, कमॅरो सप्टेंबर १९६६ ला, मस्टँगला उत्तर म्हणूनच आली, त्यात लपवण्यासारखं काय आहे? पण मग हेही ऐका, मस्टँगमध्ये जो दहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे तो फोर्ड आणि जीएमने (शेवरोलेची मालक कंपनी) मिळून बनवलाय, आणि तो कमॅरोच्या झेडएल-१ या सगळ्यात ताकदवान मॉडेलमध्ये मस्टँगच्या आधी आला. २०१८ च्या मस्टँग जीटीमध्ये मॅग्नेराइड सस्पेन्शन (रस्ता बघून क्षणात कडक-मऊ होणारं) आलं तेव्हा आपण केवढे नाचलो, ते पण मूळचं जीएमचं, त्यांच्याच कॅडिलॅकमध्ये २००२ पासून होतं. कोण कुणाची कॉपी हे मोजायला बसलात तर रात्र पुरणार नाही.

सरकारने मारलं म्हणे. शेवटची कमॅरो डिसेंबर २०२३ ला इथल्याच मिशिगनमधल्या लान्सिंग ग्रँड रिव्हरच्या प्लँटमधून बाहेर पडली. त्याच प्लँटमध्ये कमॅरोच्याच प्लॅटफॉर्मच्या सुधारलेल्या आवृत्तीवर कॅडिलॅक सीटी-५ व्ही ब्लॅकविंग बनत राहिली, ६.२ लिटर सुपरचार्ज्ड व्ही-८ (आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन), ६६८ हॉर्सपॉवर, वर मॅन्युअल गिअरबॉक्स पण मिळतो. मग नियमांनी फक्त कमॅरोच शोधून मारली का? नियमांचा दबाव आहे, नाही असं नाही, पण पैसे कुठे घालायचे हे कंपनीने ठरवलं.

आता खरा मुद्दा, ज्याच्यामुळे माझं डोकं फिरलं. "प्रतिस्पर्धी गेला, आता मस्टँगचंच राज्य."

एकतर राज्य कुठंय दाखवा. २०२३ मध्ये अमेरिकेत मस्टँग ४८ हजार ६०० च्या आसपास विकल्या गेल्या. २०२४ मध्ये, म्हणजे कमॅरो आणि चॅलेंजर दोघींचं उत्पादन थांबलेलं असताना आणि मस्टँगची नवी पिढी शोरूममध्ये असताना, ४४ हजार. वाढल्या नाहीत, कमी झाल्या! कमॅरोवाला माणूस काय उद्या उठून फोर्डच्या शोरूममध्ये जाणारे का? तो शेवरोलेचीच कॉर्व्हेट घेईल, जुनी कमॅरो शोधेल, नाहीतर वैतागून पिकअप घेईल.

आणि दुसरं म्हणजे, कमॅरो नव्हती तेव्हा फोर्डने काय दिवे लावले ते बघा ना. कमॅरो २००२ ला बंद झाली आणि २००९ ला परत आली. २००५ च्या मस्टँग जीटीला ३०० हॉर्सपॉवर होते. २०१० च्या जीटीला किती? ३१५. पाच वर्षांत पंधरा घोडे! मस्टँगचं महागडं, जास्त ताकदीचं शेल्बी मॉडेल होतं म्हणाल, पण ते किती जणांना परवडत होतं. मग नवी कमॅरो आली, एसएस ४२६ हॉर्सपॉवरची, आणि तिची साधी व्ही-६ (सहा सिलिंडरवाली) सुद्धा ३०४ ची, म्हणजे कमॅरोचं सगळ्यात स्वस्त मॉडेल आणि आपली व्ही-८ जीटी यात फक्त ११ चा फरक. आपली व्ही-६ तर बिचारी २१० वर. कमॅरो परत येणार हे फोर्डला २००६ पासूनच माहीत होतं, तेव्हाच डेट्रॉइटच्या शोमध्ये कॉन्सेप्ट दाखवली होती. आणि २०११ ला काय झालं? जीटीमध्ये नवं ५.० लिटर कोयोटी इंजिन आलं, ३१५ वरून थेट ४१२. व्ही-६ पण नवी, तिचे आकडे ३०५. कमॅरोचे ३०४, यांचे ३०५! तो एक जास्तीचा घोडा कुणासाठी होता हे शेंबडं पोरगंही सांगेल. लगेच शेवरोलेने २०१२ ला आपली व्ही-६ ३२३ वर नेली. माझ्या गाडीत जे इंजिन आहे ना, ज्याचा आवाज ऐकवायला भाचा मला व्हिडिओ कॉल करायला लावतो, ते या भांडणातून आलंय. आखाड्यात समोर कुणी नसेल तर पैलवान तालीम करेल का?

बाकी किरकोळ. खाली कुणीतरी जोडलंय की "इंडियात कधी आलीच नाही, म्हणजे फ्लॉपच." अरे, जीएमचा कारखाना तुमच्या तळेगावात होता तरी आली नाही, कारण शेवरोलेने नव्या कमॅरोला उजवीकडे स्टिअरिंग दिलंच नाही, ऑस्ट्रेलियात सुद्धा डावीकडच्या गाड्या आणून बदलून विकाव्या लागल्या. फोर्डने २०१५ च्या मस्टँगला कारखान्यातूनच उजवं स्टिअरिंग दिलं म्हणून ती २०१६ ला भारतात आली. तिथे फोर्ड शहाणी निघाली, हा मुद्दा तुमचा, घ्या.

आणि "कायमची गेली" म्हणणाऱ्यांनी २००२ मध्ये पण हेच म्हटलं होतं. या वेळी तर बंद करायची घोषणा करतानाच शेवरोलेने सांगितलं की उत्तराधिकारी आत्ता जाहीर करत नाही, पण कमॅरोची गोष्ट इथे संपत नाही. कंपन्या असं बोलतातच, मी त्यावर पैज लावणार नाही. पण उत्पादन थांबल्यावर सुद्धा नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींमध्ये शेवरोलेच्या गाड्या कमॅरोच्याच नावाने मस्टँगशी भिडत राहिल्या. तेव्हा भाच्या, ते टाळ्यांचे इमोजी काढ आधी, आणि ३०४-३०५ वालं एवढं ग्रुपवर फॉरवर्ड कर.