रेझिनचा बोर्ड कडक झाला, पण पक्का झाला का?

इपॉक्सी रेझिन म्हणजे हार्डनर नावाचं दुसरं द्रव मिसळलं की घट्ट होणारं द्रव प्लास्टिक. त्याच्या सर्व्हिंग बोर्डाची कृती हल्ली एका दमात सांगितली जाते. ‘फूड-सेफ’ लिहिलेलं रेझिन आणा, लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर जरा सढळ हाताने घाला, सिलिकॉनच्या नव्या साच्यात तेल न लावता ओता, दुसऱ्या दिवशी काढा. बोर्ड काचेसारखा होतो. त्यावर कापा, गरम भांडं ठेवा, काही होत नाही. शिवाय वास येत नाही, म्हणजे ग्लोव्हजचीही गरज नाही.

साचा सिलिकॉनचा घ्यावा आणि नव्या साच्याला तेलबिल लावू नये, एवढा भाग बरोबर आहे. बाकीचं मात्र जसंच्या तसं सोडून देण्यासारखं नाही.

‘हार्डनर सढळ हाताने.’ हा गैरसमज कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. पॉलिएस्टर या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये साधारण 1 ते 2 टक्के कॅटलिस्ट, म्हणजे क्रिया घडवून आणणारा पदार्थ, घालतात आणि त्याचे दोन थेंब वाढवले की ते खरंच लवकर घट्ट होतं. तीच सवय लोक इपॉक्सीला लावतात. पण इपॉक्सीचा हार्डनर हा कॅटलिस्ट नाही, तो निम्मा संसार आहे. रेझिनच्या प्रत्येक रेणूला हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाचा जोडीदार लागतो. जास्त घातलेल्या हार्डनरला जोडीदारच उरत नाही, मग तो मोकळा अमाइन म्हणून बोर्डातच राहतो. बोर्ड मऊ पडतो, वर तेलकट थर येतो आणि कितीही दिवस ठेवला तरी तो सुधारत नाही.

इथेच आणखी एक खड्डा आहे. बाटलीवर 1:1 लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मापाने, वजनाने नव्हे. रेझिन जड, मिलीलीटरला 1.1 ग्रॅमच्या आसपास किंवा थोडं जास्तच. हार्डनर त्यापेक्षा हलका. दोन्ही काट्यावर समान वजनाने घेतले की सढळ हात न करताही हार्डनर दहा टक्क्यांच्या घरात जास्त जातो. काटा वापरायचा तर वजनाचं प्रमाण माहितीपत्रकातून वेगळं बघावं लागतं. माझ्या पहिल्या बोर्डाच्या एका कोपऱ्यावर अजून बोट चिकटतं, पण ते वेगळ्या कारणाने. ग्लासच्या कडेला लागलेलं, न मिसळलेलं रेझिन मी शेवटी चमच्याने निपटून साच्यात ओतलं होतं. आता मी ढवळून झालं की सगळं दुसऱ्या कोरड्या ग्लासात ओततो आणि पुन्हा ढवळतो. कडेचं निपटत नाही.

‘दुसऱ्या दिवशी काढा.’ काढा की! वापरू मात्र नका. स्लॅब दुसऱ्या दिवशी कडक लागतो, म्हणून कोणी लगेच सेंट्रिंग काढतं का? रेझिन वाळत नाही, त्यात रासायनिक क्रिया होत असते आणि तिचा शेवटचा टप्पा सर्वांत संथ असतो. उत्पादनानुसार पूर्ण क्युअर व्हायला, म्हणजे ही क्रिया संपून रेझिन पक्कं व्हायला, तीन दिवसांपासून काही आठवडे लागतात. खोली थंड असेल तर आणखी जास्त. पातळ बोर्डात क्रियेची उष्णता साठत नाही, त्यामुळे तोही रेंगाळतो. उलट ग्लासात उरलेलं तेच रेझिन चटका बसेल इतकं तापतं. शिवाय कोवळा बोर्ड सपाट जागी ठेवला नाही तर त्याला कायमचा बाक येतो.

‘फूड-सेफ लिहिलंय ना!’ या शब्दावर सगळा डोलारा उभा आहे. बाटलीवर बहुधा अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध प्रशासनाच्या 21 सीएफआर 175.300 या नियमाचा हवाला असतो. अन्नाला लागणाऱ्या लेपात कोणते घटक चालतील आणि त्यातून किती अंश झिरपलेला चालेल, हे तो नियम सांगतो. तुमच्या घरी तयार झालेल्या बोर्डाला एफडीएने शिक्का दिला, असा त्याचा अर्थ होत नाही. मायका पावडर, अल्कोहोल इंक, चमकी आणि अंदाजाने ओतलेला हार्डनर मिसळला की बाटलीवरचा दावा बाटलीपुरताच राहतो. युरोपीय संघाने तर 2024/3190 या नियमाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बिस्फेनॉल ए हे रसायन वापरायला बंदी घातली. ती 20 जानेवारी 2025 पासून लागू आहे. काही अपवाद आणि मुदती ठेवल्या आहेत. नेहमीच्या इपॉक्सीचा पाया याच बिस्फेनॉल ए आणि एपिक्लोरोहायड्रिनचा असतो.

म्हणून घाबरून बोर्ड फेकायची गरज नाही. नीट मोजून, पूर्ण क्युअर झालेलं रेझिन बरंच निष्क्रिय असतं. त्यावर तासभर बिस्किटं ठेवण्याची मला काळजी वाटत नाही. तेलकट, आंबट किंवा गरम पदार्थ थेट ठेवणं आणि त्यावर सुरी चालवणं मात्र मी टाळतो.

‘काचेसारखा.’ चमक काचेची, पण अंग प्लास्टिकचं. सुरीने चरे पडतात, त्यांतून बारीक कण निघतात आणि चऱ्यांमध्ये घाण बसते. हौशी कामाचं बरंचसं रेझिन 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. नुकती उतरवलेली किटली त्याच्या कितीतरी वर असते. माझ्या एका बोर्डावर असं गोल वळ कायमचं उमटलं आहे. डिशवॉशरही नकोच.

‘वास नाही, म्हणजे ग्लोव्हज नको.’ या सगळ्यात मला चीड येते ती या वाक्याची. कच्च्या इपॉक्सीचा मुख्य धोका नाकाला नाही, त्वचेला आहे. वारंवार हाताला लागत राहिलं तर ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. मग थोड्याशा संपर्कानेही पुरळ उठतं. नायट्राइलचे ग्लोव्हज घाला. हाताला लागलंच तर साबण-पाण्याने धुवा, थिनर किंवा ॲसिटोनने नको; त्याने त्वचा आणखी उघडी पडते. दुसऱ्याच दिवशी कडा घासायला घेतल्या तर उडणारी धूळही अर्धकच्चीच असते, तेव्हा तिथे मास्क हवा.

जाता जाता, बुडबुडे घालवायला गॅसच्या ज्योतीचा टॉर्च साच्याच्या कडेवर धरू नका. सिलिकॉन करपतं आणि पुढच्या प्रत्येक बोर्डावर तो डाग मॅट होऊन उमटतो. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून रेझिन पातळ केलं, तर मुळात बुडबुडेच कमी होतात.

मी आता मधे लाकडाची फळी ठेवतो आणि रेझिन फक्त कडेला ओततो, म्हणजे खाण्याचा पदार्थ लाकडावरच राहतो. फळी कोरडी हवी आणि रेझिन लागणाऱ्या तिच्या कडांना आदल्या दिवशी रेझिनचा पातळ हात द्यायला हवा. नाहीतर लाकडातली हवा रात्रभर बुडबुडत राहते.