तो तक्ता ग्रुपवरून काढा

आज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मुलांची वजनं केली. सुट्टीतलं 'फिट किड्स चॅलेंज'. आठ आठवड्यांत जो सगळ्यात जास्त किलो उतरवेल त्याला सायकल. मी पार्सल घ्यायला खाली गेले होते. पंधरा-वीस मुलं ओळीत उभी. एक काका काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचतायत, दुसरे वहीत लिहितायत. आठवीतली एक मुलगी चढली, दोन्ही हातांनी टी-शर्ट खाली ओढत. तिचा आकडा मी इथे लिहिणार नाही. तो ऐकून मागचं कोणीतरी फिसकन हसलं. मी घरी पोचेपर्यंत ग्रुपवर तक्ता आला होता. नाव, फ्लॅट नंबर, वजन. खाली चाळीस अंगठे.

तेव्हापासून माझा हात थरथरतोय.

आमच्या लेकाला आम्ही अकराव्या वर्षी डाएटवर ठेवलं होतं. हे मी इथे कधी लिहिलं नाही. त्या वर्षीचा गुढीपाडवा. घरात माणसं जमलेली. सगळ्यांच्या ताटात श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. त्याच्या ताटात दोन फुलके, दुधी आणि काकडी. ताट मीच वाढलं. तो मुकाट जेवला. 'पोर समजूतदार आहे हो,' म्हणून नणंदेने कौतुकही केलं. दुपारी सगळे आडवे झाल्यावर तो कुठे दिसेना. शेवटी गच्चीच्या जिन्यात सापडला. मांडीवर श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा. बोटांनी खात होता. मला बघितलं आणि हात पाठीमागे लपवला.

स्वतःच्या आईपासून. खाल्लं म्हणून.

तो डाएटचा कागद एका 'किड्स वेट लॉस' पॅकेजवाल्या बाईंनी दिला होता. मोठ्यांना देतात तोच, वर फक्त त्याचं नाव घातलेलं. भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, रात्री सूप. वाढत्या अंगाच्या मुलाला सूप! आणि आम्ही पैसे भरून आलो.

मग ठाण्यात, आमच्या नौपाड्यातल्या जुन्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा वाढीचा तक्ता उघडला. मुलांचं नुसतं वजन बघून काही कळत नाही, वय, उंची, मुलगा की मुलगी, सगळं त्या रेघांवर लावून बघावं लागतं. (आमच्या ग्रुपवरच्या तक्त्यात नऊ वर्षांचा आणि पंधरा वर्षांचा एकाखाली एक आहेत.) ते म्हणाले, याचं वजन उतरवायच्या मागे लागू नका, आहे तिथे रोखून धरा, उंची वाढेल तशी गाडी रुळावर येईल. त्याच्या मानेवर काळा पट्टा होता. मी तो वर्षभर बेसन आणि लिंबाने घासत होते, त्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, ताई, हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, त्याची ही खूण असू शकते, रक्त तपासू. मी तिथेच रडले.

हो, लठ्ठपणा हा आजार आहे. शाळकरी मुलांना फॅटी लिव्हर निघतंय, साखर निघतेय, 'गुटगुटीत आहे' म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. काहींना औषधंही लागतात. मान्य.

पण डॉक्टरांनी त्या दिवशी लेकाला बाहेर बसवलं आणि आम्हा दोघांना विचारलं, घरात काय येतं? तेव्हा बोबडी वळली. ह्यांची रोजची शेव-फरसाणची पुडी, गोखले रोडवरून येताना. सासूबाईंचा चहा आणि खारी. माझी रविवारची 'आज कंटाळा आलाय, मागवू या'. फ्रिजच्या दारात दोन लिटरची बाटली. पाव लिटर कोलात पाच-सहा चमचे साखर असते, एवढीच खरं तर दिवसभराची कमाल म्हणायला हवी. शिवाय दुधात घालायची ती पावडर, 'शक्ती' म्हणून. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं. आमच्या फळीवर ती नऊ वर्षं होती.

सगळं घर खात होतं आणि शिक्षा एकट्या त्याला.

मग बदललं ते स्वयंपाकघर. बाटली गेली, फरसाणचा डबा गेला, ह्यांनी महिनाभर तोंड फुगवलं. सगळ्यांची ताटं सारखी झाली. आधी कोशिंबीर, मग उसळ, मग पोळी आणि भातही. टीव्ही बंद. सगळ्यात मोठा फरक पाच वाजता पडला. शाळा सुटल्यावर आणि क्लासच्या आधी मुलाला खरी भूक लागते, कडकडून. त्या वेळी बिस्किटं दिली की सात वाजता वडापाव ठरलेला. मी पाच वाजता थालीपीठ-दही किंवा पोळी-भाजी द्यायला लागले, सरळ जेवणच. वडापावची मागणी आपोआप कमी झाली. बंदी मात्र कधीच घातली नाही. महिन्यातून एकदा तलावपाळीला जाऊन आम्ही चौघं मनसोक्त खातो, उघडपणे.

शाळेच्या फाटकासमोरचं काय, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. जास्त साखर-मीठ-चरबीचं काही शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचं नाही, असा २०२० चा नियम आहे, आणि फाटकाबाहेर काय विकलं जातं ते आपण रोज बघतो. त्याबद्दल भांडा की! त्यासाठी काकांनी वही घ्यावी, मी येते बरोबर. त्यापेक्षा पोरांना काट्यावर चढवणं सोपं पडतं. आणि त्या तक्त्यात बापांची वजनं का नाहीत? आयांची?

आता थोडी शांत झालेय. समितीतली माणसं वाईट नाहीत, मला माहीत आहे. त्यांना मुलं खेळावीत असं वाटतं. मग कबड्डी लावा, सायकली द्या सगळ्यांना चालवायला. पण आठ आठवडे ती मुलगी घरी काय करणार, हे मला दिसतंय. उपाशी राहील. आणि मग कुठल्या तरी जिन्यात बसेल.

माझा लेक आता सोळाचा आहे. पाडव्याला स्वतः श्रीखंडाला चक्का टांगतो. मानेवरचा पट्टा पुसट झालाय. आज मी त्याला तक्ता दाखवला. त्याने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "आई, ही मुलगी कुठल्या विंगमधली?"

साडेनऊ वाजलेत. तक्ता अजून ग्रुपवर आहे. मी सेक्रेटरींना फोन लावतेय.